दीवच्या वाळूतला ५ मिलिमीटरचा शंख नेमका कोणता? जरा सविस्तर सांगतो

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही शिरपूरहून दीवला गेले, नागोआ बीचवर मुलीने पाण्याच्या बाटलीत वाळू भरून आणली, घरी ताटात ओतली तर त्यात बारके बारके शंख निघाले, त्यातल्या एका ५ मिलिमीटरच्या शंखावर तपकिरी जाळीसारखी नक्षी आहे. तीन अ‍ॅपमध्ये फोटो टाकला तर एक म्हणतं ऑलिव्ह, दुसरं म्हणतं कोन, तिसरं म्हणतं पेरिविंकल, ही सगळी वेगवेगळ्या शंखांची इंग्रजी नावं. आता यातलं खरं नाव कोणतं, हे एखाद्या मोठ्या शंखाचं पिल्लू तर नाही ना, आणि शाळेच्या प्रदर्शनात मुलीने चिठ्ठीवर लिहायचं काय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. माझ्या मते तिन्ही नावं चुकीची आहेत. फोटोत जेवढं दिसून राहिलंय त्यावरून हा कोलंबेलिडी कुळातला शंख आहे, इंग्रजीत यांना डव्ह शेल म्हणतात, आणि हे पिल्लू नाहीये, एवढीच त्याची पूर्ण वाढ. वंश बहुतेक मिट्रेला किंवा त्याच्या शेजारचा कुणीतरी. प्रजाती मात्र या फोटोंवरून मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याला विचारा की बाबा कशावरून.

मी प्राणीशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातलं, आणि आपल्या खान्देशात समुद्र नसला तरी लोक द्वारका, सोमनाथ, दीव, दमण, कोकण करून येतात आणि पिशवीत वाळू घेऊन येतात, ती चाळत बसायचा मला नाद आहे. त्या अनुभवावरून सांगतो, गोंधळ नेहमी एकाच जागी होतो. माणूस पण आणि अ‍ॅप पण आधी रंग बघतं, मग एकूण आकार बघतं, आणि तसाच दिसणारा फोटो शोधतं. मोठ्या शंखाला हे बऱ्यापैकी चालून जातं. पण ५ मिलिमीटरच्या खाली नेमक्या याच दोन गोष्टी दगा देतात. तिथे बघायचं असतं तोंड, बघायचं असतं टोक, आणि त्याच्याही आधी विचारायचं असतं की माल आला कुठून.

तर आधी कुठून आला ते. तुम्ही लिहिलंय की वाळू गच्चीवर वाळवली आणि घराचं बांधकाम चालू आहे. हे वाचून मी जरा दचकलोच, कारण बांधकामाच्या नदीच्या वाळूत, तापीची म्हणा गिरणेची म्हणा, गोड्या पाण्याचे शंख भरपूर असतात. त्यातला मेलानॉइडीस तर पाट, तलाव, नदी सगळीकडे सापडतो, लांबट उंच शंख, अंगावर उभे तपकिरी फराटे, घाईत बघितलं तर समुद्रातलाच वाटतो. पण त्याचं टोक बहुतेक वेळा झिजलेलं किंवा तुटलेलं असतं, ओठ पातळ असतो, आणि मुख्य म्हणजे तोंडाच्या खालच्या बाजूला खाच नसते. तुमच्या दुसऱ्या फोटोत तोंडाच्या तळाशी एक छोटी खाच स्पष्ट दिसते. ही खाच म्हणजे आतल्या प्राण्याची पाणी ओढायची नळी बाहेर काढायची जागा, आणि ती ज्यांना असते ते जवळजवळ सगळे समुद्रातलेच. म्हणजे हा दीवचाच, गच्चीवरचा नाही. तरी पुढच्या वेळी वाळू घरात, कागदावर वाळवा.

दुसरं, त्याच फोटोत कोपऱ्यात जो पांढरा चपटा गोल दिसतोय तो शंखच नसावा. वाळूत दोन जण हमखास फसवतात. एक फोरामिनिफेरा, म्हणजे एकपेशीय जीवांची कवचं, बहुतेक १ मिलिमीटरच्या आतली, त्यातली काही शंखासारखीच गुंडाळलेली असतात पण भिंगातून बघितलं तर आत कप्पे कप्पे दिसतात, गोगलगाईच्या शंखात अशा भिंती नसतात, आतून सलग नळी असते. दुसरा म्हणजे नळी बांधणारा बारका किडा, स्पायरॉर्बिस, त्याची पांढरी गुंडाळी शेवाळाला नाहीतर दुसऱ्या शिंपल्याला चिकटलेली असते म्हणून तिची एक बाजू सपाट असते. मुलीच्या डबीतून हे दोन्ही काढून टाकू नका हं, वेगळे ठेवा, प्रदर्शनात लोक तेच जास्त बघतील.

आता पिल्लू की मोठा. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि उत्तर तसं सोपं आहे, फक्त बघायची जागा माहिती पाहिजे. शंख टोकापासून सुरू होतो आणि तोंडाच्या कडेला वाढत जातो, म्हणजे टोक सगळ्यात जुनं आणि ओठ सगळ्यात नवा. जोपर्यंत वाढ चालू आहे तोपर्यंत बाहेरचा ओठ पातळ, धारदार, सहज तुटणारा राहतो. कोलंबेलिडी, कवड्या, मार्जिनेला अशा बऱ्याच कुळांत प्राणी वयात आला की लांबी वाढणं थांबतं आणि मग ओठ जाड होतो, आतल्या बाजूला बारीक दात येतात. म्हणून जाड ओठ आणि दात दिसले की ५ मिलिमीटरचा असो की ३ मिलिमीटरचा, तो मोठा झालेला आहे. कवडीचं तर आणखी गमतीचं, तिचं खरं पिल्लू कवडीसारखं दिसतच नाही, पातळ कवच, रुंद तोंड, वर छोटंसं वेटोळ्याचं टोक, दातांचा पत्ता नाही. तेव्हा कुणी ५ मिलिमीटरची दात असलेली वस्तू दाखवून कवडीचं बाळ म्हणलं तर समजायचं की हे दुसरंच काहीतरी आहे, बऱ्याचदा ट्रिव्हिया निघते, तिच्या पाठीवर आडव्या धारा असतात आणि कवडीसारखी चकाकी नसते.

तुमच्या शंखाचा बाहेरचा ओठ मध्यभागी फुगीर दिसतो आणि आत निदान तीन-चार बारीक उंचवटे आहेत. फोटो हललेला आहे तरी ते दिसतात. यावरून एका फटक्यात तिन्ही अ‍ॅप बाद होतात. कोनचा ओठ सरळ, पातळ, आत दात नाहीत, आणि तोंड वरपासून खालपर्यंत साधारण सारख्याच रुंदीचं. ऑलिव्हच्याही बाहेरच्या ओठाच्या आत दात नसतात, आणि ऑलिव्हची हमखास खूण म्हणजे दोन वेटोळी जिथे जुळतात तिथे चर असतो, नखाने नाही पण सुईच्या टोकाने जाणवतो, तुमच्या शंखावर तिथे साधी रेघ आहे. पेरिविंकलचं तोंड गोलसर, खाच नाही, दात नाहीत, आणि तो राहतो खडकावर भरतीच्या वरच्या पट्ट्यात. नक्षीचं म्हणाल तर तपकिरी जाळी या चौघांतही सापडते, म्हणून तर अ‍ॅप गोंधळले.

आता कुळाच्या आत. इथून पुढे मी जे सांगतो ते फोटोच्या दर्जावर अवलंबून आहे, म्हणून जरा हातचं राखून घ्या. अंगावर उभ्या कडा नाहीत, गुळगुळीत आहे, फक्त तळाशी खाचेजवळ बारीक आडव्या रेघा आहेत, ही मिट्रेलाची ठेवण. उभ्या कडा असत्या तर याच कुळातल्या अनाकिस वंशाकडे गेलो असतो. झाफ्रा नावाचा एक वंश आहे, त्यातले कितीतरी शंख पूर्ण वाढूनही ३-४ मिलिमीटरच्या आसपासच राहतात, पण ते बहुतेक कडा असलेले. युप्लिका जाडजूड आणि खांद्यापाशी रुंद. एक शंका मात्र माझी अजून फिटलेली नाही, ती मार्जिनेलाची. त्यांचाही ओठ जाड होतो, तेही बारके असतात, पण त्यांच्या तोंडाच्या आतल्या खांबावर, म्हणजे ज्याच्याभोवती वेटोळी फिरतात त्यावर, ठळक तिरप्या घड्या असतात आणि अंग काचेसारखं चकाकतं. तुमच्या फोटोत आतला खांब नेमका सावलीत गेलाय. ताजा असेल तर चकाकीवरून कळेल, पण वाळूत घासला गेलेला असेल तर चकाकी जाते, मग घड्याच बघाव्या लागतात. आणि घासल्याने कडासुद्धा जातात हे विसरू नका, अनाकिस महिनोन्‌महिने लाटेत लोळला की मिट्रेलासारखा गुळगुळीत होऊन बसतो, म्हणून दोन वेटोळ्यांच्या सांध्यात बघायचं, तिथे झीज कमी पोचते, कडा असल्या तर त्यांचे अवशेष तिथे राहतात.

रंगावर जास्त वेळ घालवत नाही. क्लिथॉन ओआलानिएन्से नावाचा खाडीतला बारका शंख आहे, एकाच ठिकाणच्या, एकाच प्रजातीच्या मूठभर शंखांत पट्टे, जाळी, त्रिकोण, ठिपके, काळा, पिवळा सगळं मिळतं. किनाऱ्यावरच्या वाळूत सापडणारा अंबोनियम, बटणासारखा चपटा, तोही तसाच रंगीबेरंगी. मिट्रेलाचंही नक्षीच्या बाबतीत काही धड नाही. त्यात मेलेला शंख उन्हात पडला की रंग उडतो. नक्षी शेवटी बघायची, दोन-तीनच नावं उरली असतील तेव्हा.

टोकाबद्दल मात्र नीट सांगतो, कारण माझ्या मते बारक्या शंखांचं अर्धं काम तिथेच होतं आणि फोटो टाकताना लोक नेमकं तेच सोडतात. शंखाच्या अगदी टोकाला जे पहिले काही वेढे असतात ते प्राणी अळी किंवा गर्भ असतानाचे आहेत, खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक. नंतरचा शंख त्याच्यापुढे वाढत गेला, पण हा भाग तसाच राहिला. भिंगातून बघितलं तर एका जागी पोत अचानक बदलतो, गुळगुळीत काचेसारखं संपतं आणि पुढची घडण सुरू होते, कधी कधी तिथे बारीक रेघ दिसते. त्या रेघेच्या आतले वेढे मोजायचे. तीन किंवा जास्त, अरुंद, बारीक वेढे असतील तर त्याची अळी समुद्रात बरेच दिवस तरंगत, खात-पीत फिरलेली असते, अशी प्रजाती लांबवर पसरलेली असण्याची शक्यता जास्त. एक-दीडच वेढा आणि तोही फुगीर, बोथट असेल तर पिल्लू अंड्यातल्या साठ्यावर वाढून जवळपासच उतरलेलं असतं, मग ती प्रजाती एखाद्या छोट्या टापूपुरतीसुद्धा असू शकते. मोठेपणी हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजाती केवळ या टोकावरून वेगळ्या निघतात, हे कोलंबेलिडीतही होतं. पिरॅमिडेलिडी कुळात तर टोकाचे वेढे बाकीच्या शंखापेक्षा उलट्या दिशेने गुंडाळलेले आणि आडवे पडलेले असतात, ही खूण दिसली की आधी त्याच कुळाचा विचार करायचा, पण ती इतर काही कुळांतही असते, म्हणून बाकीचंही बघावं लागतं. तुमच्या शंखाचं टोक एका फोटोत दिसतं पण प्रकाश थेट पडल्याने पांढरं फटक झालंय, वेढे मोजता येत नाहीत.

मग फोटो कसे काढायचे. पहिलं, रुपयाचं नाणं शेजारी ठेवू नका. चलनात एक रुपयाची २५, २२ आणि २० मिलिमीटर व्यासाची नाणी आहेत, तुम्ही कोणतं ठेवलं ते मला कसं कळणार. मुलीच्या वहीतला आलेखाचा कागद घ्या, १ मिलिमीटरच्या चौकटींचा, त्याच्यावर शंख ठेवा, पांढरा शंख असेल तर काळा कागद आणि बाजूला पट्टी. दुसरं, भिंग. महागडा मायक्रोस्कोप लागत नाही, घड्याळजी नाहीतर सोनार डोळ्याला लावतात तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळून जातं, ते मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचं. मोबाईल हातात धरून नाही, दोन डब्यांवर टेकवून. प्रकाश एका बाजूने, तिरपा, खिडकीचा. शंख उभा राहत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, तर चिमूटभर कणीक किंवा मुलांची खेळायची क्ले खाली लावायची, कोणत्याही कोनात बसतो.

तिसरं जरा महत्त्वाचं. फोटो उलटा झालेला नाही ना बघा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कित्येक मोबाईल आरशासारखा उलटवून साठवतात. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं. डावीकडे आलं तर मोठी बातमी असते, कारण ट्रायफोरिडी नावाचं बारक्या शंखांचं एक अख्खं कुळ आहे ज्यात जवळपास सगळेच डावे असतात, सडपातळ, अंगभर मण्यांच्या रांगा. एक जण माझ्याकडे डावा मिट्रेला म्हणून फोटो घेऊन आला होता, अंगावर मणी नाहीत काही नाहीत, मागे भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे दिसून राहिले होते.

साफसफाईबद्दल तुम्ही विचारलं नाही पण विचारायच्या आत सांगतो. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काही म्हणजे काही लावू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लात विरघळतो, आणि एवढ्या बारक्याचं टोक सगळ्यात आधी जातं, म्हणजे जे बघायचंय तेच गायब. साध्या पाण्यात भिजवा, मीठ जाऊ द्या, एकदा पाणी बदला, मऊ ब्रशने हलकं झाडा, सावलीत वाळवा. उचलायला चिमटा वापरू नका, कडक चिमट्यातून शंख उडाला की सापडत नाही आणि दाबला तर फुटतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश ओला केला की शंख त्याला आपोआप चिकटतो. ठेवायला मेडिकलवर मिळणाऱ्या रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल सगळ्यात बेस्ट, पण शंख पूर्ण वाळलेला पाहिजे, नाहीतर कॅप्सूल चिकट होते. शोसाठी लाकडी पेटी करायची असेल तर पावसाळ्यात जपा, काही लाकडांतून आणि पुठ्ठ्यांतून आम्लाची वाफ सुटते आणि दमट हवेत शंखावर पांढरी भुकटी येते, ती बुरशी नसते, शंखच खाल्ला जात असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा त्रास कमी, आषाढ-श्रावणात होतो.

आता तुमचा राग येण्यासारखा भाग, की एवढं सगळं करूनही प्रजाती का नाही सांगत. बघा, उष्ण समुद्रात बारक्या शंखांची गर्दी किती असते याचा अंदाज यायला एक उदाहरण देतो. न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर एका जागी, सुमारे २९५ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, फ्रेंच शास्त्रज्ञांनी कसून गोळा केलं आणि २००२ साली छापलं, मृदुकाय प्राण्यांच्या २७३८ प्रजाती निघाल्या, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पूर्ण वाढूनही साधारण ४ मिलिमीटरच्या आतल्या होत्या. आपल्या किनाऱ्याची गर्दी तेवढीच आहे असं मी म्हणत नाही, पण बारक्यांकडे लक्ष कमी गेलं हे इथेही खरं आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून काम करतंय, मोठ्या शंखांचं बरंच लिहून झालंय, पण चाळणीतून खाली पडणाऱ्यांसाठी जुने मूळ वर्णनांचे लेख, संग्रहालयातले नमुने आणि मोलस्काबेससारखी नावांची यादी असं सगळं समोर ठेवून बसावं लागतं. त्यात एकाच शंखाला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात दिलेली पाच-पाच नावं असतात, त्यातलं आज चालू कोणतं ते बघावं लागतं. आणि काही प्रजाती कवचावरून वेगळ्या होतच नाहीत, जिभेवरची दातांची पट्टी किंवा डीएनए लागतो, ते रिकाम्या शंखात कुठून आणायचं. म्हणून कुळापर्यंत पक्कं, वंशापर्यंत बहुतेक, आणि प्रजातीला सध्या थांबा, हेच माझं उत्तर आहे.

थांबणं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. एकच शंख असेल तर अवघड, त्याच वाळूत तसेच दहा-पंधरा असतील तर बरंच सोपं, कारण एकाचं टोक शाबूत, दुसऱ्याचा ओठ चांगला, तिसऱ्याचा रंग ताजा असं जुळवता येतं. तेव्हा उरलेली वाळू फेकू नका. आधी पिठाच्या चाळणीने चाळा, बारीक वाळू खाली जाईल, वर राहिलेलं चहाच्या गाळणीएवढ्या जाळीतून पुन्हा, आणि मग काळ्या कागदावर थोडं थोडं पसरून मुलीला बसवा, तिचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत. आणि शंख वाळूत मिळाला म्हणजे तिथेच राहत होता असं नाही, लाट आणते, साधू खेकडा उचलून नेतो, कोलंबेलिडीतले बरेचसे खडकाजवळच्या शेवाळात राहतात आणि मेल्यावर वाळूत येतात.

एक आगाऊ सूचना, पुढच्या वेळी आणाल तेव्हा आत जिवंत प्राणी किंवा खेकडा नाही ना ते बघून आणा, आणि जामनगरकडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच उचलू नका. काही मोठ्या शंखांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुमच्या या बारक्याचा त्यात प्रश्न नाही.

चिठ्ठीवर मुलीने असं लिहावं: कुळ कोलंबेलिडी, वंश बहुतेक मिट्रेला, पूर्ण वाढलेला, उंची ५ मिलिमीटर, नागोआ बीच, दीव, किनाऱ्यावरची वाळू, गोळा केल्याची तारीख, गोळा करणारीचं नाव. तारीख आणि जागा विसरायची नाही, नाव नंतर कुणीही सुधारून देईल, जागा कुणी सांगू शकणार नाही. शाळेतल्या सरांनी प्रजाती का नाही लिहिली विचारलं तर वरचं टोकाचं प्रकरण तिला समजावून सांगा, पाठ करायला लावू नका.

आणि मला दोन फोटो हवेत. एक तोंडाचा, आतल्या खांबावर उजेड पडेल असा, म्हणजे मार्जिनेलाची शंका फिटेल. दुसरा टोकाचा, वरून, तिरप्या उजेडात, जमेल तेवढा जवळून. तेवढे मिळाले की पुढचं बोलू.